क्लच आणि विरजणाचं गाडगं

गाडी माझी नव्हती. ती काकाजींची होती आणि काकाजी तिच्यात मावत नव्हते, एवढ्या एका कारणावरून ती माझ्या वाट्याला आली.

काकाजी म्हणजे माझे चुलते. वाशीमला वकिली करायचे. अकोल्याच्या एका कापूस कंपनीतला गोरा साहेब बाडबिस्तरा आवरून विलायतेला निघाला, तेव्हा त्याची ही लाल, बुटकी, वर कापडी टप असलेली स्पोर्ट्स मोटार काकाजींनी घेतली. घेताना ते तिच्यात बसून पाहायला विसरले. तिच्यात बसायचं म्हणजे पाटावर जेवायला बसल्यासारखं, पाय समोर लांब करून. काकाजींचं पोट स्टिअरिंगला टेकायचं आणि वळण घेताना पोटाचंही वळण व्हायचं. महिनाभरात त्यांनी ती आमच्या गावी, अनसिंगच्या वाटेवर, आमच्या खळ्यात आणून उभी केली आणि मला म्हणाले, "बाबू, तू सडपातळ हायस. चालव. पण क्लच सांभाळजो. क्लच म्हणजे तडजोड. इंजिन म्हणते पळतो, चाक म्हणते हालत नाई. दोघायले एकदम आमनेसामने आणलं का मारामारी. हयू हयू समजूत घालाची."

हे फार छान वाटलं. पुढे कळलं की काकाजींनी स्वतः अकोल्याहून वाशीमपर्यंत गाडी पहिल्याच गिअरमध्ये आणली होती. गिअर बदलायचा म्हणजे पुन्हा समजूत घालावी लागणार, त्यापेक्षा एकदा जमलं आहे ते मोडू नये, असा त्यांचा वकिली हिशेब.

मी तेव्हा नुकताच बाप होण्याच्या वाटेवर होतो. बायकोला सातवा लागत होता, आणि पहिलटकरीण म्हणजे बाळंतपणाला माहेरी जायची. तिचं माहेर मेडशीचं. रीत अशी की सासरे दमणी घेऊन न्यायला येणार. दमणी म्हणजे माणसं बसवायची हलकी, टप घातलेली बैलगाडी. पुढे सासरे, आत बायको आणि तिची मावशी, वाटेत वाशीमला नातेवाइकांकडे मुक्काम. मी आपला फाटकात उभा राहून हात हलवणार. मग पाचसहा महिने सामसूम.

आता खरी गोष्ट सांगतो. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि मी बायकोशी दिवसाउजेडी बोललोच नव्हतो. आमच्या घरात थोरांसमोर नवराबायकोनं बोलायची पद्धत नव्हती. पाणी हवं असलं तर मी भिंतीकडे पाहून "पाणी" म्हणायचो आणि भिंतीकडूनच तांब्या यायचा. आणि इथे खळ्यात एक गाडी उभी, जिच्यात जागा दोनच. तिसरं माणूस बसूच शकत नाही! मावशी नाही, सासरे नाही, कोणी नाही. आमच्या गावापासून मेडशीपर्यंत अर्धा दिवस, शेजारी शेजारी, लख्ख उजेडात. मी गाडीकडे पाहिलं आणि ती साहेबानं माझ्यासाठीच विलायतेहून आणली होती याबद्दल माझी खात्री पटली.

फक्त मला ती चालवता येत नव्हती.

क्लच हे काय प्रकरण आहे ते मला पाठ होतं, पायाला माहीत नव्हतं. माझा पाय बैलगाडीवर वाढलेला. आमच्याकडे गाडी हाकताना दोन्ही पाय बैलांच्या मागच्या अंगाला टेकलेले असतात. पायाच्या अंगठ्यानं शेपटीच्या बुडाशी जरा दाबलं की बैल पाऊल उचलतो. दाबलं की पळायचं, पाय उचलला की निवांत चालायचं, हे लहानपणापासून रक्तात मुरलेलं. आणि हा क्लच नेमका उलट्या खोपडीचा. दाबा, तर गाडी मोकळी. पाय उचला, तर पळते! त्यात साहेबाच्या गाडीचा क्लच ताठ, माहेरून रुसून आल्यासारखा. खालून वर येताना बराच वेळ काहीच नाही, अगदी काहीच नाही, तुम्ही बेसावध होता आणि अगदी वरच्या टोकाला, बोटभर जागेत, तो एकदम सगळं धरतो.

पहिल्या दिवशी मी पाय उचलला. गाडीनं उडी मारली. घाबरून माझ्या पायानं जे पिढ्यान्‌पिढ्या येतं ते केलं, म्हणजे दोन्ही पाय घट्ट दाबले. डावा क्लचवर, उजवा एक्सिलेटरवर. गाडी मोकळी होऊन बोंब मारू लागली. म्हणून दोन्ही पाय एकदम उचलले. दुसरी उडी. अशा उड्या मारत मी खळं ओलांडलं आणि कडब्याच्या गंजीत शिरलो. गंजी माझ्यावर कोसळली. बाहेरून नुसता भोंगा ऐकू येत होता, कारण माझं कोपर त्यावर पडलं होतं.

माय धावत आली. माय म्हणजे माझी आई. घरात तिचाच शब्द चालायचा. तिनं कडबा उपसून माझं डोकं बाहेर काढलं आणि आधी कडब्याला माती लागली का ते पाहिलं. मग म्हणाली, "याच गाडीतून तू माह्या सुनेले नेणार हायस?"

हा बेत मी कोणाला बोललो नव्हतो. पण आयांना सांगावं लागत नाही.

"मी शिकतो ना," मी म्हणालो.

"शिक. बैलावर शिक, घोड्यावर शिक. पोटुशी पोर त्या भोंग्यात बसत नाई. असे हिसके बसले त लेकरू वाटेतच म्हणन, मले उतरू द्या."

मी खूप वाद घातला. दमणीलाही धक्के बसतात म्हणालो. रस्ता खडीचा आहे म्हणालो. शेवटी ती उठून चुलीपाशी गेली आणि एक गाडगं घेऊन आली. त्यात कोमट दूध होतं, विरजण नुकतंच लावलेलं.

"हे घे. तिच्या जागेवर ठेव अन् फिर खयाभर. उनाचा दिवस हाय, दुपारलोक दही लागते. पण दही लागताना हिसका बसला का मोडते, हे तर तुले ठाऊक हाय. गाडगं उपडं केलं अन् दही जागचं हाललं नाई, त सून बसन. नाई त व्याह्याची दमणी येऊन राह्यली."

आमच्या घरच्या न्यायालयात याच्यावर अपील नव्हतं. काकाजींनाही विचारलं. ते म्हणाले, "कसोटी रास्त हाय. मी असतो त तूप मागितलं असतं."

त्या चैत्रात मी खळ्यात किती दूध सांडलं त्याला सुमार नाही. पहिलं गाडगं सुरुवातीच्याच उडीला सीटवर आडवं झालं. पुढची कधी गिअर बदलताना, कधी थांबताना. ज्या दिवशी दूध सांडायचं नाही त्या दिवशी दह्याऐवजी चोथा आणि पाणी निघायचं, आणि माय ते माझ्याच ताटात वाढायची. "खा. तुह्या हातचं हाय." कातडी सीट दूध पिऊन पिऊन आंबली. उन्हात तिला असा वास सुटायचा की गावातल्या मांजरी गाडीमागे चालत यायच्या. मी जिकडे वळेन तिकडे त्या वळायच्या. लोक पारावरून ओरडायचे, "पाह्य रे, गौळी चालला!"

सासरे ओटीभरणाला आले होते तेव्हा त्यांनी हे सगळं पाहिलं. ते शंकरपटाचे शौकीन. बैलांच्या शर्यतीत आयुष्य घातलेलं, मिशा बैलाच्या शिंगांसारख्या वळवलेल्या. ते खळ्याच्या बांधावर बसून बराच वेळ बघत राहिले. मी घाम पुसत जवळ गेलो.

"जवाईबापू," ते म्हणाले, "गोऱ्ह्याले पयल्यांदा जुंपलं का तो बी असाच करते. पण त्याले आपण एका हप्त्यात सुधारतो."

"गाडीला सुधारायला वेळ लागतो, मामाजी."

"मी गाडीचं नाई म्हणून राह्यलो."

बायको दाराआडून हसली. मला ऐकू आलं. त्या हसण्यासाठी मी आणखी चार गंज्या पाडल्या असत्या.

जमलं ते तिच्यामुळे. म्हणजे तसं तिनं काही शिकवलं नाही, ती फक्त चिडली. एका दुपारी घरातले सगळे जेवून लवंडले होते. ती खळ्याकडच्या कोठ्यात गाईला पाणी दाखवायला आली. आजूबाजूला कोणी नाही पाहून, पदर दातात धरून, पहिल्यांदा उजेडात माझ्याशी बोलली.

"अवो, तुमी कधी गाय दोह्यली का?"

"दोहली ना."

"मंग तिनं लात मारली असन."

मारली होती.

"तुमी बसल्या बसल्या सड वढता. आधी पान्हा येऊ द्या लागते. हात लावाचा अन् थांबाचं. तिच्या आंगातून थरथर येते, मंग दूध आपल्यानं उतरते. इथी बी तुमी निस्ते वढून राह्यले." एवढं बोलून तिनं माझ्या पायांकडे पाहिलं. मी लग्नातले जाड तळव्याचे बूट घालून गाडी चालवायचो, कारण मोटार चालवणारा माणूस बुटात असतो अशी माझी समजूत. "अन् हे खेटरं घालून कोण दोह्यते?"

ती गेली. मी बूट काढले आणि आंबलेल्या सीटवर अनवाणी बसलो.

तळपाय क्लचवर टेकवला. पेडल गार आणि गुळगुळीत. गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि पाय सोडायचा म्हणून सोडला नाही, नुसता वर येऊ दिला. पहिल्यासारखंच, काही नाही, काही नाही. आणि मग तळव्याच्या मधोमध एक बारीक थरथर आली. माशी बसली की गाईचं कातडं थरथरतं ना, तशी. इंजिनचा आवाज किंचित खाली बसला आणि गाडीचं नाक कळेल न कळेल असं उचललं. मी तिथेच थांबलो. पाय थांबवला, श्वास थांबवला. गाडी चालू लागली तेव्हा ती चालू लागली हे मला समोरचा कडुलिंब जवळ यायला लागला त्यावरून समजलं.

मी एकटाच ओरडलो. मांजरी पळाल्या.

पुढचे काही दिवस मी फक्त ती थरथर शोधत होतो. जेवताना, निजताना माझा डावा पाय आपोआप वर यायचा आणि मध्येच थांबायचा. मायला वाटलं वात आला. आणि एके दिवशी दुपारी तिनं सीटवरचं गाडगं उचललं, माझ्या डोक्यावर धरलं आणि उपडं केलं. मी डोळे मिटले. काही पडलं नाही. दही गाडग्याला चिकटून होतं, पांढरंशुभ्र, वर सायीचा पापुद्रा.

मायनं पुन्हा एकदा गाडगं हलवलं, माझ्या नशिबाला आणखी एक संधी म्हणून. तरी पडलं नाही.

"बरं," ती म्हणाली. "घेऊन जाय तिले. पण तिच्या मांडीवर बी एक गाडगं देतो. मेडशीलोक दही लागून गेलं त परतीले, लेकराले घेऊन, ह्याच गाडीत येजा. मोडलं त परतीले दमणी. व्याह्यायले सांगून ठेवलं हाय मी." सासऱ्यांनी ही पैज हसत हसत मान्य केली होती असं नंतर कळलं. पटाचा माणूस, पैज कशी सोडेल?

म्हणजे आता एका अर्ध्या दिवसावर दुसरा अर्धा दिवस टांगलेला होता.

निघालो ते उजाडता उजाडता. मायनं सुनेच्या हातावर दहीसाखर ठेवली, मांडीवर विरजणाचं गाडगं दिलं, त्याला फडकं बांधलं. माझ्या हातावर काही ठेवलं नाही. माझ्याकडे फक्त बघितलं. मी अनवाणी बसलो. थरथर आली, गाडी सुटली. मागे मांजरी निघाल्या आणि वेशीपाशी थांबल्या.

आणि आता मी काय सांगू? दीड वर्ष ज्या अर्ध्या दिवसाची वाट पाहिली, तो हातात आला आणि मला बोलायला एक शब्द सुचेना. माझा सगळा जीव डाव्या तळव्यात होता. पुढे बैलगाडी आली, क्लच. खड्डा आला, क्लच. वाशीमच्या बाजारात ओळखीचे दिसले म्हणून ती पदर ओढून सीटवरून इतकी खाली सरकली की लोकांना वाटलं मी एकटाच एक गाडगं घेऊन मेडशीला निघालो आहे. बाजार मागे पडल्यावर ती वर आली. मालेगावच्या वाटेला लागलो. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना उघडी वावरं, पळस नुकता झडलेला. ती किती तरी बोलली. माहेरच्या विहिरीचं, मावशीच्या घोरण्याचं, मुलगा झाला तर काय आणि मुलगी झाली तर काय. मी "हूं", "हूं" करत होतो.

शेवटी ती म्हणाली, "तुमी माह्यासंग आले का क्लचसंग?"

"तुझ्याचसाठी त्याच्याकडे लक्ष देतोय," मी म्हणालो. एवढं चांगलं वाक्य मी आयुष्यात परत बोललो नाही. थोड्या वेळानं फडकं वर करून तिनं गाडग्यात डोकावलं. "लागून राह्यलं," ती म्हणाली. आवाजात अशी काळजी की जणू पोटातलं नाही, तेच जन्माला यायचं होतं.

मेडशी दिसायला लागण्याच्या थोडं आधी एक नाला आहे. उन्हाळ्यात कोरडा. उतरायचं आणि समोरचा चढ चढायचा. चढावर अर्ध्यात आलो आणि आडव्या वाटेनं शेळ्यांचा कळप उतरला. थांबावं लागलं. चढावर! खळं सपाट होतं. चढाचं मला कोणी सांगितलं नव्हतं. मी हँडब्रेक ओढला आणि शेळ्या जाईपर्यंत विचार केला. मग पाय हळूहळू वर येऊ दिला. थरथर आली. नाक उचललं. मी हँडब्रेक सोडला आणि काय सांगू, गाडी जागच्या जागी उभी! मागे नाही, पुढे नाही, नुसत्या माझ्या तळव्यावर तोललेली. काकाजींची तडजोड ती हीच. आता केसभर पाय उचलायचा की निघालो.

"अवो," ती म्हणाली.

"बोलू नको."

"अवो, हात द्या इकडे." आणि तिनं माझा मोकळा डावा हात उचलला आणि पोटावर ठेवला. "पाह्यलं? हालून राह्यलं."

हातालाही थरथर आली. आतून, हलकी, मग एकदम एक ढुशी.

मी पाय विसरलो. पाय कुठे आहे, कुणाचा आहे, काही आठवेना. गाडीनं खळ्यातल्या पहिल्या दिवसाची आठवण ठेवून मोठी उडी मारली, धाडकन बंद पडली आणि मागे घरंगळू लागली. मी ब्रेकवर उभाच राहिलो. ती एका हातानं पोट आणि एका हातानं गाडगं धरून बसली होती. फडक्यातून काही तरी तिच्या हातावर ओघळत होतं.

"लागलं का तुला?"

"मले काई नाई झालं." मग तिनं गाडग्यात पाहिलं आणि पटकन फडकं झाकलं. "अन् त्याले बी काई नाई झालं. चाला तुमी. पुढं पाहा."

मी पुढे पाहिलं. आज्ञाच तशी होती. गाडी सुरू केली, थरथर शोधली, चढ चढलो. बाजूला काही तरी हालचाल होत होती, पण मी वळलो नाही.

मेडशीला सासऱ्यांच्या दारात सगळी आळी जमली होती. सासरे पुढे आले. लेकीची विचारपूस व्हायच्या आधी, खरा पटकरी म्हणून, त्यांनी गाडग्याकडे हात केला.

"दाखव. पैज हाय."

तिनं दिलं. सासऱ्यांनी फडकं काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं, हात उंच करून, गाडगं उपडं केलं.

एक थेंब पडला नाही.

त्यांनी आत डोकावलं. आत काहीच नव्हतं.

"खाल्लं मी," बायको म्हणाली, खाली मान घालून. "वाटेत आंबट खावंसं वाटलं. असं सुरेख लागलं होतं, बाबा. चाकूनं कापाचं काम होतं."

बायका हसल्या. पोटुशीला आंबट खावंसं वाटलं, यावर जगात कोण शंका घेणार? सासूबाईंनी तिला पोटाशी धरलं. मी मात्र तिच्याकडे पाहत राहिलो, कारण गाडीत चमचा नव्हता, तिच्या बोटांना दही लागलेलं नव्हतं आणि तिच्या वरच्या ओठावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढरी बारीक मिशी उमटली होती. घट्ट दही खाल्लं की मिशी येत नाही. ती फक्त गाडगं तोंडाला लावून प्यायल्यावर येते.

सासऱ्यांनीही ती पाहिली. पटावरचा माणूस, नजर बारीक. ते लेकीकडे पाहत होते, मग माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग परत लेकीकडे. आपल्या मिशीवरून सावकाश हात फिरवत म्हणाले, "पोरी, तोंड पूस. प्रवासाची धूय लागली तुले."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"लागलं होतं म्हणते त लागलंच असन," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात टाकून मला बाजूला घेतलं. "जवाईबापू, परतीले गाडीच आणजा. जबान दिली म्हणजे दिली. पण त्या नाल्याच्या चढावर माहे बैल बी अडते, तिथी तिघायलेही उतरवजा अन् तुमी एकले गाडी वर घेजा."

"तिघं कोण, मामाजी? मी चालवणार, ती आणि लेकरू उतरणार."

"अन् ते गाडगं?" सासरे म्हणाले.